नाशिकच्या गंगापूर रोडचा वीकेंड डेटा अ‍ॅनालिटिक्स डिप्लोमा: 68 हजार रुपये, 40 आठवडे आणि स्टेपल केलेली दोन पानं

आधीच सांगून टाकतो, 5 पैकी साडेतीन स्टार. त्यातले अडीच एकट्या स्टॅट्सच्या (संख्याशास्त्राच्या) मॅडमचे, अर्धा लॅबमधल्या कॉम्प्युटरचा (सगळे चालू होते, हसू नका, ही मोठी गोष्ट आहे) आणि उरलेला अर्धा पायथनच्या, म्हणजे कोडिंगच्या, सरांना, तोही शेवटच्या दोन महिन्यांसाठी. अ‍ॅडमिशन ऑफिसला शून्य. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण मॅडम अजून तिथेच शिकवतात आणि माझ्या लिहिण्यावरून त्यांना कोणी केबिनमध्ये बोलावून ऐकवलेलं मला चालणार नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडला इतके कोर्स निघालेत की कुठला ते ओळखू पण येणार नाही. लांब झालंय जरा, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात सांगतो. वय 34, मेकॅनिकल, सातपूर एमआयडीसीत एका ऑटो पार्टवाल्या कंपनीत क्वालिटीला, 10 वर्षं झाली. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज आणि कस्टमरचे मेल. गेल्या दोन वर्षांत कस्टमरचे ऑडिटर यायला लागले ते रिपोर्ट बघतच नाहीत, डॅशबोर्ड (स्क्रीनवर सगळे आकडे आणि चार्ट एका नजरेत) दाखवा म्हणतात, आणि डॅशबोर्ड बनवणारा आमच्याकडे एकच 23 वर्षांचा ट्रेनी, त्याच्या मागे मी 'अरे बाळा एवढं करून दे ना' करत फिरायचो. तो पोरगा पुण्याला नोकरी लागली म्हणून गेला त्याच आठवड्यात मी या कोर्सची चौकशी केली. शनिवारी संध्याकाळी 4 ते 8, रविवारी सकाळी 9 ते 1, म्हणजे फर्स्ट शिफ्ट करून पोचता येईल असा टाइम, ते बरं वाटलं.

ऑफिसात गेलो तर काउन्सेलर मुलगी एकदम गोड. पाणी, कॉफी, 'सर तुमच्यासारख्या एक्स्पिरियन्सवाल्यांसाठी तर हा बेस्टच आहे'. मी विचारलं, कोडिंग अजिबात येत नाही, चालेल का? 'सर झिरोपासून शिकवतात.' गणित सुटून 12 वर्षं झालीत. 'सर स्टॅट्स एकदम बेसिक आहे.' घरी अभ्यास किती लागेल? 'सर वीकेंडलाच सगळं कव्हर होतं, घरी काहीच करावं लागत नाही.' हे तिसरं उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भिंतीवर बोर्ड, '100 टक्के प्लेसमेंट असिस्टन्स', त्यातला असिस्टन्स शब्द एवढा बारीक की आमच्या इथे तो वाचायला मॅग्निफायर मागवला असता. फी 73 हजार, शुक्रवारच्या आत भरली तर 68. मी शुक्रवारी भरली. रोज दुसऱ्याच्या मालात खोट काढायचा पगार घेतो मी, आणि स्वतः माल घ्यायची वेळ आली तर एक कागद न वाचता सही ठोकून मोकळा.

कागद वाचला तो पैसे भरल्यावर, रात्री घरी. माहितीपत्रकात लिहिलेलं '20 क्रेडिट, थिअरी 12, प्रॅक्टिकल 8'. आता आपल्याकडे कॉलेजात सर्वसाधारण हिशेब असा असतो की थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे 15 तास शिकवणं आणि प्रॅक्टिकलचं 1 क्रेडिट म्हणजे 30 तास. म्हणजे 180 अधिक 240, झाले 420 तास. यांचा वर्ग आठवड्याला 8 तास, 40 आठवडे, झाले 320. मग 100 तास कुठे गेले? ऑफिसला फोन केला तर 'सर ते इन्क्लुडेडच आहे'. कशात इन्क्लुडेड ते तिलाही माहीत नव्हतं बिचारीला. मी म्हटलं बरं, हे क्रेडिट माझ्या अकादमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतील ना, ते जे सरकारचं क्रेडिट साठवायचं ऑनलाइन खातं 2021 पासून सुरू झालंय? 'सर ते आपल्या कोर्सला अ‍ॅप्लिकेबल नाहीये.' तेव्हा डोक्यात उजेड पडला की हा डिप्लोमा युनिव्हर्सिटीचा नाहीच, संस्थेचा घरचा आहे, क्रेडिट हा शब्द फक्त भारदस्त दिसतो म्हणून छापलाय. घरचा डिप्लोमा असणं काही गुन्हा नाही हो, पण तसं सांगा ना आधी.

पहिला शनिवार ओरिएंटेशन. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, संचालकांचं सव्वा तासाचं भाषण ज्यात इंडस्ट्री 4.0 हा शब्द मी 17 वेळा मोजला (सवय), आणि समोसा. समोसा चांगला होता. शेवटी एकाने विचारलं, सर पण परीक्षा कशी असते? उत्तर आलं की आधी शिकण्याचा आनंद घ्या.

आणि मग रविवारी सकाळी 9 ला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, हातात कागदांचा गठ्ठा. नाव सांगितलं, आणि 26 जणांना दोन दोन पानं वाटली, कोपऱ्यात स्टेपल मारलेली, मराठीतच टाइप केलेली. म्हणाल्या, 'दहा मिनिटं वाचा. मग बोलू.'

पहिल्या पानावर वरती, हा विषय संपल्यावर तुम्हाला काय येईल. 'मध्य, मध्यक, प्रमाण विचलन काढता येईल, आणि ते का काढलं हे घरातल्या माणसाला कळेल असं सांगता येईल.' अशा सहा ओळी. त्याच्या खाली, काय येणार नाही. 'मशीन लर्निंग येणार नाही. स्वतःला डेटा सायंटिस्ट म्हणवून घेता येणार नाही. हा विषय 48 तासांचा आहे.' मी ते परत वाचलं. कोणीतरी पैसे घेऊन झाल्यावर लेखी सांगतंय की हे मिळणार नाही, असं मी तरी आजवर बघितलं नव्हतं. त्याच्या खाली, मी काय गृहीत धरते. 'टक्केवारी, गुणोत्तर, एक्सेलमध्ये बेरीज येते असं मी धरून चालते. येत नसेल तर पहिले तीन रविवार 8 वाजता या, मी तासभर आधी येणार आहे.'

दुसऱ्या पानावर मार्क. तीन असाइनमेंट 20-20 च्या, प्रोजेक्ट 40. प्रत्येक 20 मधले कशाला किती ते फोडून दिलेलं: डेटा साफ करणं 5, योग्य चार्ट निवडणं 5, निष्कर्ष 6, भाषा 4. हजेरीला शून्य मार्क, कारण 'बसून राहण्याचे मार्क मी देत नाही, 75 टक्क्यांचा नियम ऑफिसचा आहे, तो ऑफिस बघेल'. खाली दोन रकाने. डावीकडे, तुमच्याकडून: घरी आठवड्याला 4 तास, सबमिशन वेळेत, उशीर झाला तर दिवसाला 2 मार्क कमी, आजारपण किंवा घरची अडचण असेल तर तारीख उलटायच्या आधी एक मेसेज. उजवीकडे, माझ्याकडून: दिलेलं काम 10 दिवसांत तपासून परत, मार्क का गेले ते प्रत्येक कागदावर लिहून, वर्ग वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री 9 नंतर उत्तर नाही. सगळ्यात खाली दोन सह्यांची जागा. त्यांची आधीच केलेली होती.

मी क्वालिटीचा माणूस, मला तर ते ड्रॉइंगच दिसलं. आमच्याकडे 25 एच7 चं बोअर (भोक) असतं, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर, 21 मायक्रॉनचा खेळ. त्यात घालून बघायच्या प्लग गेजची एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये, संपलं. ऑपरेटर भांडत नाही, इन्स्पेक्टर भांडत नाही, कारण माल बनवायच्या आधीच दोघांच्या हातात तोच कागद असतो. आणि कॉलेजात आम्ही चार वर्षं काय केलं? माल आधी द्यायचा, मग सर मनातल्या मनात टॉलरन्स (किती फरक चालेल ते) ठरवणार आणि 40 पैकी 22. का 22? 'प्रेझेंटेशन इम्प्रूव्ह करा.'

तसं इंजिनिअरिंगला आमच्याकडे पण कोर्स आउटकम (विषय शिकून काय यायला हवं ते) वगैरे होतं म्हणा. भारत 2014 ला वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मानायचा करार) पूर्ण सदस्य झाला त्याच्या आसपास सगळ्या कॉलेजांना आउटकमचा ताप चढला होता, सीओ-पीओ मॅपिंगचे (विषयाचे आउटकम पदवीच्या आउटकमशी जुळवायचे) तक्ते, फायली, उद्दिष्टं लिहायची ब्लूमची ठरावीक क्रियापदं. आम्हाला ते फळ्याच्या कोपऱ्यात दिसायचे, पण फक्त कमिटी येणार असेल त्या आठवड्यात. कमिटी गेली की पुसले, आणि तिथे कोणाचा तरी वाढदिवस.

उलट मला आठवली ती आईची पुस्तकं. आईने चाळिशीत मुक्त विद्यापीठातून बीए केलं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आपल्याच नाशिकचं, 1989 सालचं, गंगापूर धरणाकडे जाताना लागतं ते. तिच्या पुस्तकात धडा सुरू व्हायच्या आधी 'उद्दिष्टे' असायची, हे वाचून झाल्यावर तुम्हाला अमुक सांगता येईल, तमुक स्पष्ट करता येईल. आई धडा संपला की मागे जाऊन त्या ओळींवर पेन्सिलने टिक करायची, जे येत नाही तिथे फुली. मॅडमचा कागद तिला दाखवला तर म्हणाली, 'मग यात नवीन काय आहे रे?' बरोबर आहे तिचं.

परत वर्गात येतो. कागद वाचून झाल्यावर मॅडमनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता लिहा की तुम्ही इथे कशासाठी आलात. मग एकेक मोठ्याने वाचली. 'जॉब पाहिजे.' 'सर्टिफिकेट, प्रमोशनला लागतं.' 'घरात बसून कंटाळा आला' (हे आमचे बँकेतून व्हीआरएस घेतलेले काका, अक्षरावरून सगळ्यांना कळलं). 'बॉसने मीटिंगमध्ये आकडे विचारले की मला गप्प बसावं लागतं, ते नको' (हा मी). प्रत्येक चिठ्ठीला त्यांचं उत्तर तीनपैकी एक: हे मिळेल, हे मिळणार नाही, हे अर्धं तुमच्या हातात आहे. जॉबच्या चिठ्ठ्या 11 निघाल्या. मॅडम म्हणाल्या, 'नोकरी मी देऊ शकत नाही. इंटरव्ह्यूत कोणी पाच हजार ओळींची फाइल समोर टाकली तर घाबरणार नाही, एवढं करून देईन.' मागच्या बाकावरचा एक पोरगा पुटपुटला, ऑफिसात तर वेगळंच सांगितलं होतं. मॅडमनी ऐकलं, आणि कोणाची बाजू न घेता म्हणाल्या, 'ते ऑफिसात विचारा, आणि लेखी विचारा.'

आता माझी स्वतःची कथा. पहिली असाइनमेंट, स्वतःच्या कामातला खरा डेटा आणा, नावं काढून. मी बोअरची 200 पीसची मापं नेली, हिस्टोग्राम काढला, सीपीके (मापं मर्यादेत किती भरवशाने बसतात त्याचा आकडा) काढला 0.9, कस्टमर मागतो कमीत कमी 1.33, आणि निष्कर्ष ठोकला की मशीन नंबर 4 खराब आहे, बदलावं. मिळाले 14. फोड लिहिलेली: डेटा 5, चार्ट 4, निष्कर्ष 2, भाषा 3. निष्कर्षाशेजारी लाल पेनाने, 'मशीन खराब आहे असं हा डेटा म्हणत नाहीये, तुम्ही म्हणताय. दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगळी करून बघितलीत का?'

नव्हती बघितली. सोमवारी केली. दिवसपाळी ठीकठाक, सगळा पसारा रात्रपाळीचा. दोन रात्री थांबून बघितलं तर आमचा रात्रीचा गडी पीस मशीनमधून काढला की गरम गरमच मोजायचा. 25 मिलिमीटरचं स्टील 20 डिग्रीने जास्त गरम असेल तर जवळपास 6 मायक्रॉन फुगतं, आणि आपल्याकडे आहेतच एकूण 21. मशीनला काही झालेलं नव्हतं. मला नुसते 14 मार्क मिळाले असते तर मी 'स्ट्रिक्ट आहेत मॅडम' म्हणून सोडून दिलं असतं. मार्क कुठे गेले ते लिहिलेलं होतं म्हणून मी रात्रपाळीला गेलो. माझे निम्मे पैसे मी इथेच वसूल धरतो.

पण मग दिवाळी आली, त्यात आमच्याकडे ऑडिट, आणि घरचे 4 तास कधी 1 झाले कधी शून्य. दुसरी असाइनमेंट मी तीन दिवस उशिरा दिली आणि वर जाऊन सांगायला लागलो की मॅडम कंपनीत ऑडिट होतं, समजून घ्या. त्यांनी फाइलमधून माझीच सही केलेलं दुसरं पान काढून टेबलवर ठेवलं. काही बोलल्या नाहीत. 6 मार्क गेले. त्याच आठवड्यात काकांची अँजिओप्लास्टी झाली होती, त्यांनी हॉस्पिटलमधून आदल्या दिवशी एक ओळीचा मेसेज टाकला होता, त्यांना पंधरा दिवस वाढवून मिळाले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, दोन दिवस होता. पण भांडायला जागा नव्हती.

आणि नियम फक्त आमच्यासाठी होता असंही नाही. एकदा मॅडमना युनिव्हर्सिटीच्या पेपर तपासणीची ड्युटी लागली, तर दहावा दिवस उलटायच्या आधी ग्रुपवर मेसेज, 'मी 10 दिवस म्हटले होते, 16 लागतील, म्हणून पुढची असाइनमेंट पण 6 दिवस पुढे.' पाचव्या आठवड्यात परत कोऱ्या चिठ्ठ्या, काय चाललंय, काय चालत नाहीये. बऱ्याच जणांनी लिहिलं की फळ्यावर सूत्र पटापट पुसता. पुढच्या रविवारपासून पुसायच्या आधी विचारायच्या, 'पुसू?' एवढंच, पण 26 जणांचं एकाच वेळी 'नाही' यायचं आणि हशा पिकायचा.

आता दुसरी बाजू. पायथन. सर हुशार, मनापासून सांगतो, एका आयटी कंपनीत काम करून इथे तासिका तत्त्वावर शिकवायला यायचे. पण पहिल्याच लेक्चरला 'लूप वगैरे तर तुम्हाला येतंच, डायरेक्ट पुढचं घेऊ' म्हणून जी गाडी सोडली ती थेट चौथ्या गिअरला. माझ्याशेजारी एक बी.कॉम. झालेली मुलगी बसायची, ती पहिले दोन शनिवार इंडेंटेशन (कोडच्या ओळीआधी सोडायची जागा) म्हणजे काय यावरच अडकलेली. मार्क कसे, परीक्षा कशी, घरी काय करायचं, काही नाही. सहा आठवड्यांनी अचानक टेस्ट, त्यात पांडाजवर (पायथनमधलं डेटा हाताळायचं टूल) फाइल साफ करायला दिली जी वर्गात उघडून पण दाखवली नव्हती. मला 30 पैकी 11. विचारलं कसे, तर 'लॉजिक वीक आहे'. झिरोपासून शिकवतात, आठवतंय ना?

काका आमचे सीआर, म्हणजे वर्गाचे प्रतिनिधी. त्यांनी मॅडमचा कागद घेतला, आम्हा चौघांना घेतलं आणि शनिवारी 8 ला वर्ग सुटल्यावर सरांना पार्किंगमध्ये गाठलं. 'सर, तक्रार नाही करायची, फक्त असं काही लिहून देता का?' सर आधी भडकले, म्हणाले मला कमी तास दिलेत, त्यात हे कधी करू. मग काकांनी सांगितलं की 26 मधले आयटीवाले 9 आहेत, बाकी कोणी कॉमर्स, कोणी मेकॅनिकल, एक तर फार्मसीची आहे. सर गप्पच झाले. मोबाइल काढून ऑफिसने पाठवलेला मेसेज दाखवला, त्यात लिहिलेलं, बॅच प्रोफाइल बीसीए आणि बीएस्सी आयटी. म्हणजे आम्हाला एक सांगितलं, सरांना भलतंच, आणि तीन महिने आम्ही एकमेकांना नावं ठेवत बसलो. सर म्हणत होते या बॅचला अभ्यास करायला नको, आम्ही म्हणत होतो सरांना शिकवता येत नाही. ऑफिस वर एसीत.

पुढच्या शनिवारी सरांनी फळ्यावर लिहून काढलं, उरलेल्या 10 आठवड्यांत काय घेणार, काय सोडणार, टेस्टमध्ये कशाला किती. क्लास-ऑब्जेक्ट सोडलं, वेब स्क्रेपिंग (वेबसाइटवरून डेटा ओढून घेणं) सोडलं, पांडाज नीट घेतलं. दुसऱ्या टेस्टला मला 21. सगळं गोड झालं असं नाही पण. त्या 9 आयटीवाल्या पोरांचं मात्र नुकसान झालं, त्यांना माहितीपत्रकात छापलेलं वेब स्क्रेपिंग पाहिजे होतं, ते त्यांनी फी भरून पण मिळालं नाही आणि ती चिडली तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या बॅच करायला पाहिजे होत्या, पण मग दोन सरांचं मानधन द्यावं लागतं.

फी परतीचं पण सांगतो, विचारतात खूप जण. पिंपळगाव बसवंतहून एक मुलगी एसटीने यायची. तिला ऑफिसात सांगितलेलं शनिवारी 6 ला सुटतं. सुटायचं 8 ला. घरी पोचायला रात्रीचे दहा, साडेदहा. तिसऱ्या आठवड्यात तिने सोडलं आणि पैसे मागितले तर फॉर्मच्या मागची ओळ दाखवली, फी कोणत्याही परिस्थितीत परत नाही. युनिव्हर्सिटीच्या रेग्युलर कोर्सला असं चालत नाही बरं का, यूजीसीच्या 2018 च्या नोटिफिकेशनमध्ये टप्पे दिलेत: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, त्यापुढे नाही. इथे ऑफिसचं म्हणणं आमचा कोर्स त्यात बसत नाही. शेवटी तिने 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आणि तिचे वडील शेतातलं काम सोडून एक दिवस ऑफिसात येऊन बसले, सकाळी 10 ते संध्याकाळी 5, नुसते बसले. 40 टक्के परत मिळाले. हेल्पलाइनमुळे की वडिलांमुळे, देव जाणे.

बाकीचं पटकन. लॅब ठीक, एसी चालतो, पाणी बाहेरून आणा. पार्किंग टू-व्हीलरला आहे, कार घेऊन गेलात तर जेहान सर्कलच्या पुढे कुठेतरी लावून चालत या, त्यात सध्या कुंभमेळ्याची खोदाखोद, अर्धा तास हातात ठेवा. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि पॉवर बीआयचे (डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर) सर बरे, लक्षात राहतील असे नाहीत. रविवारी 1 ला सुटल्यावर काळ्या रश्श्याची मिसळ खायला बॅच जायची, कोर्समधला सगळ्यात जास्त हजेरी असलेला तास तो. प्लेसमेंट असिस्टन्स म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात नोकरीच्या जाहिरातींच्या लिंक फॉरवर्ड होतात, त्यातल्या दोन मला माझ्या मेहुण्याने आधीच पाठवल्या होत्या.

मला स्वतःला काय मिळालं? डॅशबोर्ड बनवतो आता, साधा पण माझा. मागच्या ऑडिटला रात्रपाळी-दिवसपाळीचा चार्ट दाखवला तर ऑडिटरने फोटो काढून घेतला. पायथन अर्धवट येतं. चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते झालं, म्हणजे बॉसने आकडे विचारले की गप्प बसत नाही, उलट आता बॉसच म्हणतो आवर.

तुम्ही कुठे अ‍ॅडमिशन घेणार असाल, मग हा कोर्स असो, पोराचं बीबीए असो, तर काउन्सेलरशी बोलून घरी येऊ नका, जे शिकवणार आहेत त्यांना दहा मिनिटं भेटायला मागा. भेटवत नसतील तर तिथेच काय ते समजा. भेटले तर विचारा की हे संपल्यावर काय येईल, काय येणार नाही, आठवड्याला घरी किती तास, मार्क कशाचे, सर्टिफिकेटवर नाव युनिव्हर्सिटीचं का संस्थेचं, आणि बॅचमध्ये बाकी कोण आहेत. घरी किती तास याला 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर पाणी, कॉफी पिऊन निघा.

परवा त्याच ऑफिसातून फोन आला. 'सर नवीन बॅचसाठी व्हिडिओ टेस्टिमोनियल हवंय, तुमच्यासारखे सिनियर बोलले की इम्पॅक्ट पडतो, दोनच वाक्यं, या कोर्सने माझं करिअर बदललं वगैरे.' मी म्हटलं देतो ना, असं बोलतो की मला स्टॅट्स चांगलं कळलं, पायथन निम्मं कळलं, घरी आठवड्याला 4 तास द्यावे लागतात आणि नोकरी स्वतः शोधावी लागते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, 'सर, थोडं निगेटिव्ह वाटतंय ते. मी सरांना विचारून सांगते.' त्याला 12 दिवस झाले.